पोच: पुणे आणि पिंपरी-चिंचवडकरांना उजनीकाठावरून

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवड इथले समस्त रहिवासी,

सप्रेम नमस्कार.

पूर्वी पत्राच्या शेवटी लिहायची पद्धत होती, 'पत्र पोचल्याची पोच द्यावी.' तुम्ही सणवार-सुट्टी न पाळता आम्हाला रोज जे पाठवता, त्याची पोच आमच्याकडून कधी गेलीच नाही. राहून गेलं. ती आज देतो. तुमचं सांडपाणी पोचलं.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून असलेल्या एका गावात राहतो. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, आता दीड एकर केळी आणि थोडा ऊस बघतो. आमचं मूळ गाव पाण्याखाली आहे. 1980 च्या सुमारास धरण भरलं तेव्हा मी आठवीत होतो. वडिलांनी घराची तुळई, दारं, चौकटी बैलगाडीत घातल्या आणि आम्ही वर माळावर आलो. सरकारी माणसं सांगायची, जिल्ह्याचं कल्याण होणार आहे. ते झालंही, खोटं कशाला बोलू? ज्या माळावर कुसळं उगवायची तिथे आज केळी आहे, आणि कंदरची केळी परदेशात जाते. त्या सुरुवातीच्या वर्षांत मासेमारीला गेलेली माणसं दोन-दोन दिवस होडीवरच राहायची आणि धरणाच्याच पाण्यात भात शिजवायची. आज त्यांच्या होडीत प्यायला बिसलेरीची बाटली असते. जाळं ओढून आल्यावर हाताला खाज सुटते म्हणून खोबरेल लावायची डबीही असते.

भूगोल शिकवलेला माणूस आहे, तेव्हा नकाशा काढल्याशिवाय राहवत नाही. पवना दापोडीपाशी मुळेला मिळते, मुळा-मुठेचा संगम तुम्हाला माहीतच आहे. ही मुळा-मुठा पुढे लोणी काळभोर, उरुळी कांचनच्या शिवारातून जात रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. त्याआधी तुळापूरला इंद्रायणी भीमेत आलेली असते. मग दौंड, मग घोड नदी, आणि मग उजनी. दोन्ही शहरांतल्या कोणत्याही मोरीत पाणी ओता, औंधात, भोसरीत, हडपसरला, धायरीला, ते मध्येच जिरलं नाही तर आमच्याकडेच येतं. त्याला दुसरी वाटच नाही.

आणि आलेलं पाणी आमच्याकडे थांबतं. नदीत घाण पुढे तरी वाहते, धरणात ती बसते. उजनीची क्षमता 117 टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला निम्म्याहून जास्त, 63 टीएमसीच्या वर, मृतसाठा आहे, म्हणजे एरवी वापरात न घ्यायचं तळाचं पाणी. पाऊस कमी झाला की आम्ही वरचं पाणी संपवून त्या मृतसाठ्यात उतरतो. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 60 टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. टीव्हीवर तुम्ही पळसदेवचं उघडं पडलेलं देऊळ पाहिलं असेल, ड्रोनचं चित्रण फार सुरेख होतं. त्याच आठवड्यांत सोलापूर शहरासाठी दुबार पंपिंग, तिबार पंपिंग चाललं होतं. म्हणजे पाणी इतकं खाली गेलं की एका पंपाने उचलून दुसऱ्याला द्यायचं. ते पाणी म्हणजे तळाचा गाळ निवळून वर आलेलं. तेव्हा सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं. चार दिवस वाट बघून भरून ठेवायचं ते हे.

पाण्याचा रंग सांगतो. हिवाळा सरला की कडेकडेने पोपटी साय धरायला लागते. वारा पडला की ती जाड होते आणि वास सुटतो, कुजलेल्या गवताचा आणि आणखी कशाचा तरी. शाळेत मुलं विचारायची, गुरुजी, पाणी हिरवं का? मी त्यांना उसाच्या भाषेत सांगायचो. उसाला आपण काय घालतो? नत्र आणि स्फुरद. पैसे मोजून घालतो. धरणाला ते फुकट मिळतं. शहरातल्या मैल्यातून नत्र येतं, मैल्यातून आणि साबण-पावडरीतून स्फुरद. खत पडलं की पीक येणारच. धरणात नांगर चालत नाही म्हणून पीक शेवाळाचं येतं, आणि जिथे पाणी संथ तिथे जलपर्णीचं. पुढे ते शेवाळ मरतं, कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. मग पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात. पूर्वीचे कितीतरी मासे आता जाळ्यात येत नाहीत. चिलापी येतो, तो कशातही जगतो.

तुम्ही म्हणाल, हे पत्र आयुक्तांना लिहा, प्रदूषण नियंत्रण मंडळाला लिहा. लिहिली आहेत. पोच आली, 'आपला अर्ज उचित कार्यवाहीसाठी पुढे पाठवण्यात आला आहे.' उचित कार्यवाहीही बहुधा तुमच्या सांडपाण्यासारखीच उताराला लागते आणि कुठेतरी साचून राहते. पण तुम्हाला लिहायचं खरं कारण वेगळं आहे. नदी घाण झाली म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कारखान्याचा पाइप येतो. तसे पाइप आहेत, पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात तर आहेतच. पण पुण्याखालच्या नदीतल्या घाणीचा मोठा वाटा घरगुती सांडपाण्याचा आहे. शहरात माणशी 135 लिटर पाणी धरलं जातं, पुण्यात प्रत्यक्षात त्याहून जास्त वापरलं जातं. वापरलेल्याचं साधारण 80 टक्के सांडपाणी होतं. चार माणसांचं घर रोज सव्वाचारशे लिटरहून जास्त माझ्याकडे पाठवतं. त्यातलं एक घर माझ्या मुलाचं आहे.

तो पश्चिम पुण्यात एका मोठ्या सोसायटीत राहतो. संगणकात आहे, बरं चाललंय. नातवाच्या वाढदिवसाला गेलो होतो तेव्हा सकाळी फिरता फिरता इमारतीच्या तळघरात गेलो. तिथे सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र होतं. टाक्या, पंप, ब्लोअर, भिंतीवर कसं चालतं त्याचा रंगीत तक्ता, सगळं होतं. फक्त आवाज नव्हता. तिथे बसलेला पोरगा बार्शीकडचा निघाला. गावाकडचं बोलणं झालं, पाऊसपाण्याचं झालं, मग म्हटलं, हे बंद का रे? तो म्हणाला, "काका, लाइट बिल लई येतं. कमिटीनं सांगितलंय, कोण बघायला येणार असलं की दोन दिवस आधी चालू करायचं." मी विचारलं, मग पाणी कुठं जातं? त्याने बोटाने मागच्या नाल्याकडे दाखवलं.

वर येऊन मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, मेंटेनन्स आधीच साडेचार हजार आहे." बरोबर आहे त्याचं, त्यालाही हप्ते आहेत. पण त्याच दुपारी सोसायटीच्या फाटकातून पाण्याचे दोन टँकर आत आले. एप्रिल होता. हिरवळीला आणि संडासाच्या फ्लशला पाणी पुरत नव्हतं म्हणून विकत घेतलेलं. तळघरात जे स्वच्छ करून हिरवळीला घालता आलं असतं, ते नाल्यात सोडायचं आणि टँकरवाल्याला पैसे द्यायचे. विजेचं बिल वाचवणाऱ्या त्या कमिटीत दोन चार्टर्ड अकाउंटंट आहेत असं कळलं. मी गणिताचाही शिक्षक होतो, पण हा हिशेब मला सुटला नाही.

आता महापालिकेचं. मुळा-मुठा स्वच्छ करायला जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून 990 कोटींचा प्रकल्प जानेवारी 2016 मध्ये मंजूर झाला. अकरा नवी केंद्रं, 396 दशलक्ष लिटरची वाढीव क्षमता. आधीची 477 होती, म्हणजे दोन्ही मिळून रोज 873 दशलक्ष लिटर. पूर्ण व्हायची मुदत जानेवारी 2022. ती मुदत उलटून गेली तेव्हा केंद्रं उभी राहायचीच होती. मधल्या काळात शहर थांबलं नाही. 2017 मध्ये अकरा आणि 2021 मध्ये तेवीस गावं महापालिकेत घेतली, आणि त्यातल्या कितीतरी वस्त्यांत मैलावाहिनीच नव्हती. वाहिनी नसली की नाला असतो. केंद्र कितीही आधुनिक असू द्या, नाल्यातलं पाणी आपण होऊन चालत तिथे जात नाही. 2016 चं माप घेऊन शिवलेला सदरा आहे हा, अंगात चढेपर्यंत मूल वाढलं.

याचा निकाल काय लागतो ते केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मोजलंय. 2018 साली देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे काढले, त्यातले 53 महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. 2022 च्या अहवालात देशाचा आकडा 311 वर उतरला, आपला 55 वर चढला. 2018 च्या यादीत मुळा आणि मुठा पहिल्या वर्गात होत्या. शाळेत पहिला वर्ग आला की पेढे वाटतात, इथला पहिला वर्ग म्हणजे सर्वांत घाण. भीमा, इंद्रायणी, पवना दुसऱ्या वर्गात. हे ठरवतात बीओडीवरून, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना किती प्राणवायू लागतो त्या मापावरून. अंघोळीच्या पाण्यात ते लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत हवं. पहिल्या वर्गात जायला 30 ची पायरी ओलांडावी लागते.

अंघोळीवरून वारी आठवली. आमच्या घरात माळ आहे, आई होती तोवर दरवर्षी आळंदीहून पायी जायची. हल्ली आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस येतो, बंधाऱ्यावरून पाणी पडलं की फुगतो, त्याचे गोळे काठाला लागतात. पेपरात फोटो येतात, दुरून कोणाला हिमालयातलं तीर्थ वाटेल. तो साबणाचा आणि रसायनांचा फेस आहे. वारकरी त्यात बुडी मारतो आणि पालखीबरोबर चालायला लागतो. पालखी सासवड-जेजुरीच्या वाटेने जाते, पाणी दौंडच्या वाटेने. आषाढीला नदीला पाणी कमी असलं तर चंद्रभागेत उजनीतून सोडावं लागतं. म्हणजे आळंदीला ज्या पाण्याला हात जोडले तेच पंढरपूरला पुन्हा भेटायला येतं, मधे आमच्याकडे मुक्काम करून. 2016 च्या राज्याच्या अर्थसंकल्पात नदी स्वच्छ करायचं 'नमामि चंद्रभागा' अभियान जाहीर झालं तेव्हा आई हयात होती. तिने मला विचारलं होतं, "आधी वरचं पाणी अडवणार का खालचं धुणार?" ती तिसरी शिकलेली होती.

दौंड-हवेलीच्या शेतकऱ्यांचं दुखणं आणखी वेगळं. शहराने धरणातून चांगलं पाणी घ्यायचं आणि बदल्यात वर्षाला साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेलं पाणी शेतीला परत द्यायचं, असा करार आहे. मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीतून, ते बेबी कॅनॉल नावाच्या शेतीच्या छोट्या कालव्यात पडतं. कल्पना उत्तम, मला विचाराल तर फारच उत्तम. फक्त 'प्रक्रिया केलेलं' हा शब्द कॅनॉलपर्यंत टिकत नाही. लोणी-उरुळीकडच्या माझ्या साडूच्या विहिरीचं पाणी आता गुरंसुद्धा नाक फेंदारून पितात.

एक गोष्ट मला लिहिताना जड जातेय. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसची (गीयन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची) साथ आली. हातापायांतलं बळ जायचं, माणसं व्हेंटिलेटरवर गेली, काही दगावली. दूषित पाण्याकडे बोट गेलं. त्या दिवसांत मुलाचा फोन आला, "बाबा, पाणी उकळूनसुद्धा भीती वाटते." मला तेव्हा वर तोंड करून बोलावंसं वाटलं नाही. आजही त्या दुखण्याचा दाखला देऊन तुम्हाला टोचायचं नाही. इतकंच सांगतो की ती भीती आम्हाला ओळखीची आहे. आमच्या गावात पाच रुपयांचं नाणं टाकलं की पाणी देणारं यंत्र आहे, त्याच्यापुढे सकाळी रांग असते. एवढ्या मोठ्या धरणाच्या काठावर आम्ही पाणी नाणं टाकून पितो.

आमचेही हात धुतलेले नाहीत, हे सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल गुरुजी एकच बाजू शिकवतात. सोलापूर जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत, आणि मळीचं पाणी ओढ्यात सुटल्याच्या तक्रारी दर हंगामात होतात. आम्ही उसाला युरियाची पोती जरुरीपेक्षा जास्त टाकतो, पाटाने पाणी देतो, निचरा धरणातच येतो. मी स्वतः टाकलेली आहेत. ठिबकवर गेलो ते गेल्या सहा वर्षांत, तेही अनुदान मिळालं म्हणून. पंढरपूरच्या वाळवंटातली वाळू कोणी पुणेकर येऊन चोरत नाही. आषाढीनंतर घाटावर जे पडलेलं असतं तेही आमच्याच माणसांनी टाकलेलं असतं. हे भांडण आम्ही आमच्या ग्रामसभेत भांडतो आहोत, त्यासाठी तुम्हाला तोषीस नाही.

तुमच्यातही झगडणारी माणसं आहेत, ते मला ठाऊक आहे. विठ्ठलवाडीचा काठ दत्तक घेऊन राबणारे आहेत, एप्रिल 2023 मध्ये नदीकाठची झाडं वाचवायला त्यांना मिठ्या मारणारे होते. त्यांना माझा दंडवत. पण बहुतेकांच्या तोंडी आता नदी म्हणजे नदीकाठ. मार्च 2022 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते सुशोभीकरणाच्या कामाचं भूमिपूजन झालं, 44 किलोमीटरचा काठ बांधायचा आहे. फिरायला वाट, बसायला बाकडी, सायकलला रस्ता. मुलाने फोनवर चित्रं दाखवली. चित्रातलं पाणी निळं होतं. मी विचारलं, हा निळा रंग कोणत्या खर्चातून? तो हसला. चेष्टा सोडा, माझं म्हणणं साधं आहे. ज्या तुकड्यात एखादा नाला अजून उघडा नदीत पडतो, त्या तुकड्यात बाकडं टाकू नका. नाकाला रुमाल लावून त्यावर बसणार कोण? घरात नवी सून येणार म्हणून आधी मोरी बघतात, मग तोरण लावतात.

तुमच्याकडून मला हवं आहे ते फार नाही. आज संध्याकाळी तळघरात जा. कान द्या, ब्लोअरचा आवाज येतो का बघा. येत नसेल तर पुढच्या सर्वसाधारण सभेत वीजबिल आणि टँकरचं बिल शेजारी शेजारी ठेवायला सांगा. तुमच्या मागच्या नाल्याचं नाव शोधून काढा, बहुतेकांना ते माहीत नसतं, आणि तो कोणत्या केंद्रात जातो हे महापालिकेला विचारा. नुसतं विचारलं तरी टेबलावरची फाइल हलते, हा माझा नोकरीतला अनुभव आहे. नगरसेवक दारात आला की रस्त्याच्या आधी हे विचारा. आणि पुणेकर पाट्यांसाठी जगात प्रसिद्ध आहेत, म्हणून एक पाटी मागतो. प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी, मोठ्या अक्षरांत: 'आज इथून इतके लाख लिटर पाणी शुद्ध न करता उजनीला पाठवले आहे.' आकडा रोज बदलायचा. भाषा तुमच्या पद्धतीची ठेवा, आमची हरकत नाही.

जानेवारीत उजनीकाठी भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात. तुमच्या गाड्यांची रांग लागते, कॅमेरे येतात, आमच्या होडीवाल्या पोरांना चार पैसे मिळतात. जरूर या. होडीत बसलात की एकदा हात पाण्यात घालून बघा. होडीवाला पुसायला फडकं देईल, त्याला सवय आहे.

मुलांना आशीर्वाद, वडीलधाऱ्यांना नमस्कार. पत्र पोचल्याची पोच द्यावी.

आपला,
उजनीकाठचा एक निवृत्त शिक्षक

ता. क. हे पत्र आधी मुलाला वाचायला पाठवलं होतं. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, 'बाबा, सोसायटीचं नाव घालू नका.' घातलेलं नाही.